तायपिंग : देवाच्या नावाने उभं राहिलेलं शेतकऱ्यांचं राज्य देवामुळेच बुडालं का?

उत्तरायण

शेतकऱ्यांच्या उठावांवर बोलणं निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं : मागण्या खऱ्या होत्या, पण मध्ये धर्म घुसला आणि सगळ्याचं वाटोळं झालं. चीनमधल्या तायपिंग राज्याबद्दल (१८५१ ते १८६४) तर हे हटकून म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. तिथे धर्म मागाहून घुसला नव्हता, पहिल्या दिवसापासून होता तो तोच होता. त्याच्यावाचून उठाव झालाच नसता.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हाँग शिउछुआन हा ग्वांगझौजवळच्या, हाक्का समाजातल्या एका शेतकरी घरातला मुलगा. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकवलं, पण सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेत तो पुन्हा पुन्हा नापास झाला. १८३७ च्या अपयशानंतर तापात त्याला दृष्टान्त झाला : सोनेरी दाढीचा एक वृद्ध हाती तलवार देऊन राक्षसांचा नायनाट करायला सांगतो आहे. पुढे १८४३ मध्ये चौथ्यांदा नापास झाल्यावर, बरीच वर्षं घरात पडून असलेली ख्रिस्ती प्रचाराची एक पुस्तिका त्याने मन लावून वाचली आणि दृष्टान्ताचा अर्थ लावला. तो वृद्ध म्हणजे देवबाप, येशू हा आपला थोरला भाऊ आणि आपण धाकटे.

त्याचा मित्र फंग युनशान ग्वांगशी प्रांतातल्या डोंगरांत गेला. तिथे मोलमजुरी केली, शिकवण्या केल्या, आणि कोळसा पाडणारे, खाणीत राबणारे, डोंगरउतारावर कसणारे अशा लोकांमध्ये ‘देवपूजक मंडळी’ उभी केली. यातले बरेचसे हाक्का. त्या मुलखात उशिरा आलेले, त्यामुळे ओलिताची सपाट जमीन आधीच्यांकडे आणि यांच्या वाट्याला खडक. जमिनीवरून, पाण्यावरून मारामाऱ्या रोजच्याच. १८५० मध्ये मंडळीतल्या लोकांनी घरंदारं, जमिनी विकल्या आणि आलेला पैसा सामायिक ‘पवित्र भांडारा’त टाकला. जानेवारी १८५१ मध्ये जिंतिएन गावी उठाव जाहीर झाला. मार्च १८५३ मध्ये नानजिंग त्यांच्या हाती आलं आणि पुढची अकरा वर्षं तीच त्यांची राजधानी होती. १८६४ च्या जुलैत ती पडली. या सगळ्यात दोन ते तीन कोटी माणसं मेली असा अंदाज सहसा दिला जातो.

आता माझा मुद्दा. कसणारा माणूस जमीन विकून पैसा दुसऱ्याच्या हवाली करतो, हे भुकेने होत नाही. भुकेने माणूस दरोडे घालतो किंवा गाव सोडतो. त्याच काळात ग्वांगशीत तेच दारिद्र्य सोसणाऱ्या टोळ्या आणि गुप्त मंडळ्या ढिगाने होत्या. त्यांनी नद्यांवर लुटालूट केली, पण राज्य काही उभं केलं नाही. देवपूजकांना लूट वर्ज्य होती, अफू, दारू, जुगार वर्ज्य होते, आणि सगळे एकाच बापाची लेकरं असल्यामुळे एकाच भांडारातून जेवणार होते. कोळसेवाल्याचं सैन्य झालं ते या श्रद्धेवर.

मग घात कुठे झाला? डिसेंबर १८५३ चा एक प्रसंग सांगतो. यांग शिउछिंग हा मूळचा कोळसा पाडणारा, तोवर ‘पूर्वेचा राजा’ झालेला. १८४८ पासून त्याच्या अंगात देवबाप यायचा, आणि खुद्द हाँगने त्याला मान्यता दिली होती. त्या दिवशी यांगच्या तोंडून देवबापाने हाँगला फर्मावलं : महालातल्या बायकांशी तू क्रूरपणे वागतोस, चाळीस फटके. स्वर्गीय राजा म्हणवणारा हाँग जमिनीवर पालथा पडला. अधिकारी गुडघे टेकून रडत होते, राजाऐवजी आम्हाला मारा म्हणत होते. राजा मुकाट्याने मार खायला तयार झाला, तेव्हा कुठे देवबापाने शिक्षा माफ केली.

राजाच्या वागणुकीचा जाब विचारला गेला, यात वाईट काहीच नाही. पण यांगला जाब विचारणारा कोण? आणि ज्याने जमीन विकून भांडार भरलं त्याने कोणाच्या दारात जायचं? ऑगस्ट १८५६ मध्ये यांगच्या अंगातल्या देवाने हाँगच्या बरोबरीचा मान मागितला. सप्टेंबरच्या सुरुवातीला यांगला कुटुंबासकट कापून काढलं आणि त्याच्या हजारो माणसांची कत्तल झाली. राज्य तिथेच मोडलं. देवावरच्या विश्वासाने ते उभं राहिलं होतं, पण देवाचा आवाज ठरावीक तोंडांतूनच येणार असं ठरल्यावर कसणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला जागाच उरली नाही. उठावाला जे लागतं ते आणि राज्य चालवायला जे लागतं ते इथे एकमेकांच्या आड आलं. यावर तुम्हा सगळ्यांची मतं हवी आहेत.

काळी माती

मुळात ‘शेतकऱ्यांचं राज्य’ हेच मला मान्य नाही. शेतकऱ्यांनी उभं केलं हे खरं. शेतकऱ्यांचं झालं कधी?

१८५३ चा जमिनीचा जाहीरनामा सगळे मोठ्या कौतुकाने सांगतात. जमिनीच्या नऊ प्रती, सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, पूर्ण वाटा, लहानांना अर्धा. प्रत्येक घरी पाच कोंबड्या आणि दोन डुकरिणी असाव्यात इथपर्यंत लिहिलं आहे. पंचवीस घरांमागे एक भांडार, एक प्रार्थनागृह आणि दोन्ही सांभाळणारा एकच अधिकारी. तोच हिशेब ठेवणार, तोच तंटे ऐकणार, तोच दर आठवड्याच्या प्रार्थनेला उपदेश करणार. वाचायला फार छान वाटतं. पण त्याबरहुकूम वाटप झालेलं दाखवा. नाही दाखवता येणार. पुढच्याच वर्षी यांग आणि इतर राजांनी हाँगकडून मंजूर करून घेतलं की धान्य आणि कर पूर्वीसारखाच गोळा करायचा. फौजेला तांदूळ हवा होता, मोजणी-वाटणीला वेळ नव्हता.

आणि वाटप झालं असतं तरी काय? त्याच जाहीरनाम्यात लिहिलंय की सुगीनंतर पुढच्या पिकापर्यंत पोटाला लागेल तेवढं घरात ठेवायचं, उरलेलं सगळं भांडारात. जमीन देवबापाची, धान्य भांडाराचं. मालक बदलला, कूळ जिथल्या तिथे. जास्त राबून चार पोती जास्त पिकवली तर ती कोणाची, या प्रश्नाचं उत्तर ज्या राज्यात ‘देवाची’ असं मिळतं, ते कुळाचं राज्य नाही. ते देवाच्या नावाने चालणारं छावणीचं कोठार आहे.

आकाशवाणीला जाब कोण विचारणार, हा तुमचा प्रश्न पुढचा. त्याच्या आधी भांडाराच्या किल्ल्या कोणाकडे होत्या ते बघा.

दर्यावर्दी

दोघेही वर आकाशाकडे बघून वाद घालताय. जरा जमिनीवरचं, खरं म्हणजे समुद्रावरचं बघा.

चीनमध्ये शेतकरी माल विकायचा तांब्याच्या नाण्यांत आणि सारा ठरायचा चांदीत. शतकाच्या सुरुवातीला चांदीच्या एका तायलला (चांदी मोजायचं वजन) साधारण हजार नाणी पडत. १८४० चं दशक संपताना दोन हजारांच्या वर पडू लागली. सरकारने सारा एका कवडीनेही न वाढवता शेतकऱ्याचा सारा दुप्पट झाला. चांदी का महागली? याला एकच कारण नव्हतं, पण एक मोठं कारण अफू. आणि ती अफू आपल्याकडून जायची. बंगाल-बिहारची कंपनी सरकारची, आणि माळव्याची मुंबई बंदरातून. मुंबईतल्या कितीतरी सेठियांच्या पेढ्या त्या पैशावर उभ्या राहिल्या, जमशेटजी जीजीभॉय हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. शहरातल्या ज्या दानशूरपणाचा आपण अभिमान बाळगतो त्याच्या एका टोकाला ग्वांगशीतला कोळसेवाला आहे. मराठी वाचकाने तायपिंगबद्दल वाचताना ही गोष्ट बाजूला ठेवू नये असं मला फार मनापासून वाटतं.

त्यात इंग्रजांशी झालेल्या अफूयुद्धाच्या १८४२ च्या तहानंतर व्यापार शांघायकडे सरकला. चहा-रेशीम डोंगरापलीकडून ग्वांगझौला वाहून नेणारे हमाल आणि नावाडी रिकामे झाले. इंग्रजी नौदलाने किनाऱ्यावरचे चाचे हुसकले ते नद्यांतून आत ग्वांगशीत शिरले. १८४९ आणि ५० ला दुष्काळ. एवढं सगळं झाल्यावर दृष्टान्त कोणाला झाला याला कितीसं महत्त्व? हाँगला झाला नसता तर दुसऱ्या कोणाला झाला असता.

आणि राज्य पडलं ते यांगच्या अंगातल्या देवामुळे नव्हे. १८५६ नंतर ते आठ वर्षं टिकलं, १८६० मध्ये तर सूचौसकट यांगत्सेच्या मुखाकडचा बराचसा सुपीक मुलूख त्यांनी घेतला. पडलं ते बीजिंग दरबाराच्या बाजूने लढणाऱ्या झंग ग्वोफानच्या हुनानी फौजेमुळे आणि शांघायच्या परदेशी बंदुकांमुळे. १८६२ मध्ये शांघायभोवती तायपिंगांशी लढणाऱ्या इंग्रजी फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणीतले हिंदी शिपाईही होते. आपली अफू गेली, मागोमाग आपली पलटण गेली.

चौकस

एका गोष्टीचा अजून कोणी उच्चारही केलेला नाही. नानजिंग घेतल्यावर तायपिंगांनी शहराच्या आतल्या मांचूंच्या, म्हणजे बीजिंगच्या राज्यकर्त्या घराण्याच्या लोकांच्या, वस्तीत काय केलं? शिपाई मारले ते लढाईत, ते समजू शकतो. पण बायका, म्हातारेकोतारे, तान्ही मुलं धरून सरसकट कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा हजारोंच्या घरात आहे.

आणि ही कत्तल कुठल्या टोळीने केली नाही. लूट करू नका, अफू ओढू नका, आईबापांना मान द्या अशा दहा आज्ञा रोज म्हणणाऱ्या शिस्तीच्या फौजेने केली. उत्तरायण म्हणतात त्या श्रद्धेनेच हे सोपं केलं. मांचू हे राज्यकर्ते, जुलमी, परके, एवढ्यावर भागलं असतं तर तह झाला असता, शरणागती झाली असती. पण ते देवाचे वैरी, राक्षस ठरले. राक्षसाच्या पोराला सोडायचं कशाला? उठावाला देव लागतो असं म्हणताना त्या देवाने काय काय मागून घेतलं तेही त्याच दमात सांगा.

उत्तरायण

चौकस, कत्तलीबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं आहे, त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. पण ‘देवामुळे कत्तल’ हे जुळत नाही. समोरचं सरकार कन्फ्यूशियसचं नाव घेणारं होतं. १८६१ मध्ये तायपिंगांचं आनछिंग शहर पडलं तेव्हा आणि १८६४ मध्ये नानजिंग पडलं तेव्हा झंगच्या फौजेनेही शरण आलेल्यांची कत्तलच केली, शहर दिवसेंदिवस लुटलं आणि जाळलं. त्यांच्या अंगात कोणी येत नव्हतं. ते युद्धच असं होतं की दोन्हीकडे माणूस माणूस राहिला नाही.

दर्यावर्दी, चांदीचा मुद्दा मोलाचा आहे आणि मुंबईचा धागा तुम्ही आणलात हे फार बरं केलंत. पण चांदी सगळ्या चीनभर महागली होती. मग राज्य ग्वांगशीच्या त्या एका डोंगराळ कोपऱ्यातूनच का निघालं? तिथे फंग युनशानने वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन मंडळी बांधली होती म्हणून. ‘दुसऱ्या कोणाला दृष्टान्त झाला असता’ असं म्हटलं की फंगसारख्या माणसांचं सगळं काम पुसलं जातं.

परदेशी तर १८५३-५४ मध्ये तटस्थ होते, उलट उत्सुक होते. चीनमध्ये ख्रिस्ती राज्य उभं राहतंय म्हणून इंग्रज, फ्रेंच, अमेरिकन नानजिंगला जहाजं घेऊन आले. १८५४ च्या उन्हाळ्यात आलेल्या इंग्रजांना यांगने प्रश्नांची लांबलचक यादी पाठवली. तुम्ही इतकी वर्षं देवाची पूजा करता, तर सांगा, देवाची उंची किती? दाढी कोणत्या रंगाची? येशूला बायको आहे का, मुलं किती? इंग्रजांनी उत्तर दिलं की देवाला माणसासारखं शरीर नाही आणि यांगच्या अंगात देव येतो हे आम्ही मानत नाही. त्यानंतर लवकरच यांगच्या तोंडून देवबापाने जाहीर केलं की छापून वाटलेल्या बायबलमध्ये चुका आहेत. बाहेरच्या मदतीची दारं तेव्हाच किलकिली झाली आणि तेव्हाच लागली. ती शांघायच्या बंदुकांनी लावली नाहीत.

सातवीण

तिघाचौघांचं बोलून झालं आणि कोणाच्याही लिखाणात बाई आली ती एक तर महालात मार खाणारी, नाही तर कत्तलीत मरणारी. म्हणून लिहिते.

हाक्का बायका पाय बांधत नसत. शेतात पुरुषांच्या बरोबरीने राबत. तायपिंगांनी सगळीकडेच पाय बांधायला बंदी केली. बायकांच्या तुकड्या उभ्या केल्या, त्यांच्यावर बायका अधिकारी नेमल्या. महालाचा सगळा कारभार बायका बघत. जमिनीच्या त्या जाहीरनाम्यात बाईला पुरुषाइतका वाटा लिहिला आहे. काळी माती म्हणतात तो कागदावरच राहिला. राहिला असेल. पण असा कागद तरी त्या काळात दुसऱ्या कुठल्या सरकारने काढला होता? आणि तो निघाला तो देवामुळेच. मुलगी कोणाच्या पोटी जन्मली याला महत्त्व न देता ती थेट देवबापाची लेक आहे असं मानलं, म्हणून तिला स्वतःचा वाटा मिळाला. कुळाच्या आणि पूर्वजांच्या पूजेवर चाललेल्या समाजात लेकीला वाटा देण्याचं कारणच नव्हतं. तिथे हा देव आला नसता तर कोण देणार होतं?

पण त्याच देवाने नानजिंगमध्ये नवरा-बायकोला वेगळं केलं. पुरुष पुरुषांच्या छावणीत, बाई बायकांच्या. स्वर्गराज्य पूर्ण होईपर्यंत कोणी संसार करायचा नाही. लग्नाच्या नवरा-बायकोने चोरून भेटलं तरी शिरच्छेद, आणि मोठ्या हुद्द्यावरच्या एका अधिकाऱ्याला आणि त्याच्या बायकोला खरोखरच ही शिक्षा दिली गेली. शहरातल्या ज्या बायकांचे पाय लहानपणीच मोडून बांधले होते त्यांना पट्ट्या सोडून ओझी वाहायला, खंदक खणायला लावलं. मोडलेलं हाड पट्टी सोडल्यावर सरळ होत नाही. त्या बायका कशा चालल्या असतील याचा विचार बंदी घालणाऱ्यांनी केला नाही. आणि नियम करणाऱ्या राजांचे जनानखाने मात्र भरलेले. हाँगच्या बायकांची संख्या डझनांनी मोजावी लागते.

हे वेगळं ठेवणं १८५५ च्या सुरुवातीला बंद करावं लागलं, कारण लोक पळून जायला लागले. उत्तरायण म्हणतात ‘नाही’ म्हणायला जागा नव्हती. माझं म्हणणं आहे की लोकांनी पायांनी ‘नाही’ म्हटलं आणि देवाला नियम बदलावा लागला. तेव्हा तुमचा सिद्धान्त तितकासा पक्का नाही.

टाकदौत

युरोपातलं एक उदाहरण इथे ठेवतो, कारण ते फारच जवळचं आहे. बोहेमियात (आजचा चेक देश) १४२० मध्ये हुसपंथी, म्हणजे यान हुस या धर्मसुधारकाला मानणाऱ्या, शेतकरी-कारागिरांनी ताबोर नावाचं गाव वसवलं. चौकात मोठाले हौद ठेवले होते, येणाऱ्याने आपला सगळा पैसाअडका त्यात टाकायचा. ‘माझं-तुझं’ नाही. त्याच वर्षी शरद ऋतू आला आणि ताबोरवाल्यांनी भोवतालच्या गावांकडून पूर्वीचे सरदार घेत तसाच वसूल घ्यायला सुरुवात केली. फौज उभी राहिली की तिला कोणीतरी खाऊ घालावं लागतं. यात ख्रिस्ताचा किंवा देवबापाचा काय दोष?

मात्र काळी माती यांच्या ‘कुळाला काही मिळालं नाही’ याला माझा विरोध आहे. १८६० नंतर सूचौच्या आसपासच्या भागात तायपिंग अधिकाऱ्यांनी कित्येक ठिकाणी कसणाऱ्याच्याच नावाने जमिनीचे दाखले दिले. सारा त्याच्याकडूनच थेट घेतला, मध्ये जमीनदाराचा खंड नाही. काही गावांत कुळांनी खंड द्यायला साफ नकार दिला आणि जमीनदारांना वसूल करता आला नाही. पिढ्यान्‌पिढ्या खंड भरणाऱ्या माणसाच्या हातात स्वतःच्या नावाचा शिक्क्याचा कागद येतो, याला ‘काहीच नाही’ म्हणता येत नाही.

काळी माती

टाकदौत, ते दाखले का निघाले तेही सांगा ना. जमीनदार शांघायला पळाले होते म्हणून. सारा घ्यायला समोर दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून कसणाऱ्याला धरलं. जिथे जमीनदार परत आले किंवा गेलेच नव्हते, तिथे तायपिंग अधिकाऱ्यांनी खंडवसुलीच्या कचेऱ्या काढून त्यांना खंड मिळवून दिला, कारण जमीनदाराला खंड मिळाला तर तो सारा भरणार. दोन गावांत दोन तऱ्हा. यामागे ना देव होता ना १८५३ चा जाहीरनामा. कुळाच्या हाती जे आलं ते राज्याची पकड सैल होती तिथे आलं.

सातवीणताईंचं पायांनी ‘नाही’ म्हणणं मला पटलं. आणि ते माझ्याच बाजूचं आहे. लोक पळायला लागल्यावर फौज ओस पडेल म्हणून नियम बदलला. देव तसाच होता, हिशेब बदलला.

चौकस

उत्तरायण, दोन्हीकडे कत्तल झाली म्हणून देव सुटत नाही. झंगच्या फौजेने लुटीसाठी, सूडासाठी मारलं, आणि त्याला त्यांच्यातल्याच लोकांनी नावं ठेवली. नानजिंगमध्ये १८५३ ला जे झालं त्याला तायपिंगांमधलं कोणी नावं ठेवलेली मला कुठे सापडली नाहीत. पाप म्हणून केलेलं पाप आणि पुण्य म्हणून केलेलं पाप यात फरक आहे.

आणि शेवट आठवा. १८६४ मध्ये वेढा आवळला गेला, शहरात दाणा नाही. ली शिउछंगसारखा सेनापती विनवतो आहे की शहर सोडून बाहेर पडू या. हाँग म्हणतो, माझे स्वर्गीय सैनिक पाण्याहूनही जास्त आहेत, मला कशाची भीती? लोकांनी काय खायचं विचारलं तर रानपाला गोळा करून त्याला स्वर्गातून पडलेलं गोड दव म्हणायचं, आणि तो स्वतःही तेच खायचा. १ जूनला तो मेला. ली शिउछंगने पकडला गेल्यावर लिहिलेल्या जबाबात हे सगळं नोंदवलं आहे, आणि उपाशी लोकांना शहराबाहेर जाऊ द्यायला आपणच परवानगी दिली असंही लिहिलं आहे. एका बाजूला भुकेल्या लेकरांना वेशीबाहेर सोडणारा माणूस, दुसऱ्या बाजूला गवत म्हणजे अमृत म्हणणारा. राज्य कोणाच्या हाती होतं?

उत्तरायण

चौकस, राज्य कोणाच्या हाती होतं हाच तर माझाही प्रश्न. त्याचं उत्तर त्या राज्यातल्याच एका माणसाने शोधलं होतं आणि त्याचा देवावरचा विश्वास कोणापेक्षाही कमी नव्हता.

हाँग रनगान, राजाचा चुलत-नात्यातला भाऊ. मंडळीत अगदी सुरुवातीला आलेला, मग हाँगकाँगला मिशनऱ्यांजवळ राहिलेला. १८५९ मध्ये नानजिंगला पोहोचला आणि राजाने त्याला थेट कारभाराच्या माथ्यावर बसवलं. त्याने त्याच वर्षी राज्यसुधारणेची एक योजना लिहून दिली : आगगाड्या, टपाल, बँका, दवाखाने, नवीन यंत्र शोधणाऱ्याला ठरावीक वर्षांचा हक्क. लोक नेहमी आगगाड्यांबद्दल बोलतात. मला त्यातलं दुसरंच कलम महत्त्वाचं वाटतं. वरचा हुकूम खाली जातो तसं खालच्यांचं मन वर पोहोचलं पाहिजे, मध्ये कोणी अडवता कामा नये, आणि त्यासाठी वर्तमानपत्रं विकायला मोकळीक द्यावी, लोकांना गुप्तपणे मत टाकता येईल अशा पेट्या ठेवाव्यात, असं त्याने लिहिलं.

स्वर्गीय राजाने योजनेच्या मजकुरावर जागोजागी शेरे मारले आहेत. आगगाडीला होकार, बँकेला होकार. या कलमावर शेरा असा की हे आत्ता करता येणार नाही, राक्षस त्याचा फायदा घेऊन फूट पाडतील, उरलेसुरले राक्षस संपले की मग करू.

सातवीणताई, लोक पळून गेले तेव्हा नियम बदलला हे खरं. पण पळून जाणं म्हणजे राज्याबाहेर जाणं. राज्यात राहून, बापाची लेक म्हणून हक्काने ‘हे चुकतंय’ म्हणायची सोय मी मागतोय. तीच त्या शेऱ्याने नाकारली. आणि हाँग रनगान हाच पुरावा आहे की देव मानूनही ती सोय करता आली असती.

सातवीण

त्या पेटीत बाईने कागद टाकायचा तर तिला लिहिता यायला हवं. छावणीत ओझी वाहणाऱ्या किती बायकांना येत होतं? पळून जाणं ही तिच्या हातातली एकच गोष्ट होती आणि तिने ती केली. त्याला राज्याबाहेरचं म्हणून कमी लेखू नका. नियम बदलून नवरा-बायको एकत्र आले ते त्यामुळे, कोणा राजाच्या योजनेमुळे नाही.

काळी माती

उत्तरायण, तो शेरा नीट वाचा. राजा असं म्हणत नाही की देवाचा आवाज एकाच तोंडून येतो म्हणून लोकांनी बोलू नये. तो म्हणतो शत्रू फायदा घेईल. लढाईत सापडलेला कुठलाही राजा, देव मानणारा किंवा न मानणारा, हेच म्हणतो. बीजिंगच्या दरबारात तरी कोण शेतकऱ्यांसाठी पेट्या लावत होतं? इथे देव कुठेच नाही, फक्त गादी आहे.

आणि शेवटी कसणाऱ्याच्या पदरात ठोस काय पडलं ते बघायचं तर ते तायपिंगांनी दिलेलं नाही. १८६३ मध्ये सूचौ आणि सोंगजिआंग भागाचा अवाढव्य धान्यसारा कमी झाला, तो झंग ग्वोफान आणि दरबाराच्याच बाजूचा ली होंगझांग यांनी अर्ज करून. म्हणजे दुसऱ्या बाजूने.

टाकदौत

काळी माती, त्या भागातला सारा मांचूंच्या आधीच्या मिंग राजवटीपासून बदनाम होता. पिढ्यान्‌पिढ्या रयत ओरडत होती, किती अर्ज झाले आणि किती फेटाळले गेले. १८६३ मध्येच दरबाराला तो जास्त आहे हे का दिसलं? त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सारा कमी करायचा अर्ज बीजिंगला गेला तेव्हा खुद्द सूचौ शहर तायपिंगांच्या ताब्यात होतं. ते परत घेतलं डिसेंबरात.